घाट चढायचा राहिला

पत्र

मी सांगलीची. वय ४३, हायस्कूलला गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी चालायला लागले, चालता चालता पळायला लागले आणि यंदा धीर करून सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलं. एप्रिलपासून पाच महिने तयारी केली. आठवड्यातले चार दिवस पहाटे पाचला हरिपूर रस्ता, रविवारी ग्रुपबरोबर दंडोबाचा चढ. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर डब्याची निम्मी तयारी रात्रीच करून झोपायचे. सासूबाई रोज बदाम भिजत घालायच्या आणि मी बाहेर पडले की उठून दाराला कडी लावायच्या. १८ किलोमीटरचा शेवटचा लाँग रन न थांबता झाला, त्या दिवशी वाटलं, आता घाट आपलाच.

शर्यतीच्या नऊ दिवस आधी ताप आला. डेंग्यू निघाला. प्लेटलेट ३४ हजारांवर आल्या, चार रात्री दवाखान्यात काढल्या. शर्यतीच्या सकाळी मी घरी पलंगावर आणि मोबाइलवर ग्रुपचे फोटो. माझा बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर) आणि टी-शर्ट मैत्रिणीनं आणून ठेवला होता. आदल्या रात्री ग्रुपमधल्या एकांनी विचारलं, ‘तुमचा बिब माझ्या भाच्याला देऊ का, नाहीतरी वायाच जाणार.’ मी नको म्हटलं. तेव्हापासून ते जरा फटकून आहेत.

महिना होऊन गेला. अजून रविवारी पहाटे आपोआप जाग येते आणि रडू येतं. नवरा म्हणतो, पुढच्या वर्षी पळ की. सासूबाई म्हणतात, जिवावरचं बोटावर निभावलं त्याचं काही नाही, हिचं भलतंच. मी ग्रुप म्यूट करून ठेवलाय. डिसेंबरात पुण्याला जाऊन फुल मॅरेथॉनच करून टाकावी असं मनात येतं, म्हणजे केलेली मेहनत तरी सार्थकी लागेल. माझं काही चुकतंय का? आणि एक वेडा प्रश्न : तो टी-शर्ट मी घालू शकते का?

– बिब कपाटात असलेली

उत्तर

ताई,

वेड्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते, कारण पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे.

आधी सासूबाईंची बाजू घेते, म्हणजे मग मोकळ्या मनानं तुमची घेता येईल. धडधाकट माणसाच्या प्लेटलेट दीड ते साडेचार लाखांच्या घरात असतात. तुमच्या ३४ हजारांवर आल्या होत्या. डेंग्यूचा कावेबाजपणा असा, की ताप उतरला म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि धोक्याचे दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. त्या चार रात्री तुम्ही ग्लानीत होतात. सासूबाई जाग्या होत्या, रिपोर्टच्या कागदावरचा आकडा दर सकाळी कुणाकडून तरी वाचून घेत असतील. त्यांच्या हिशेबात यंदाची एकच मोठी गोष्ट घडली : सून घरी परत आली. त्यापुढे शर्यत त्यांना दिसतच नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही दिसली नसती.

पण त्यांचं खरं असलं म्हणून तुमचं खोटं ठरत नाही. जीव वाचल्याचा आनंद आणि शर्यत हुकल्याचं दुःख ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही. माणसं मात्र सांत्वनाला आली की नेमकं तेच करायला बघतात.

तुमची खरी अडचण माझ्या मते वेगळीच आहे. या दुःखाला आपल्याकडे रीतच नाही. ना सुतक, ना भेटायला येणारी माणसं, ना तेराव्या दिवसाचं गोडाचं जेवण. परीक्षेत नापास झालेल्या मुलालाही आपण जवळ घेतो. शर्यत हुकलेल्या ४३ वर्षांच्या बाईनं मात्र हसून म्हणायचं असतं, ‘अहो, त्यात काय एवढं!’ आणि मग रविवारी पहाटे सगळे झोपलेले असताना रडायचं.

मला हे ऐकीव माहितीवरून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी मी मुंबईची फुल मॅरेथॉन अशीच हुकवली. जानेवारीतला तिसरा रविवार, आणि डिसेंबरच्या अखेरीस डाव्या नडगीच्या हाडाला केसासारखी चीर निघाली. डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद सांगितलं. त्या रविवारी मी पहाटे साडेचारला उठले (कशासाठी, विचारू नका), स्वयंपाकघरात बसले आणि आदल्या दिवशी बाजारातून आणलेले मटार सोलायला घेतले. बोरीबंदरहून माणसं सुटली असतील तेव्हा पहिली पातेली भरली. सी लिंकवर असतील तेव्हा दुसरी. पेडर रोडच्या चढावर माणसं चालायला लागतात, तिथपर्यंत मी पाच किलो मटार संपवले होते. यजमान उठून आले, ढीग बघितला आणि म्हणाले, ‘पुढच्या वर्षी पळ की.’ म्हणजे हे वाक्य सगळ्यांच्या घरी तयार असतं. तुमच्या नवऱ्यावर त्यासाठी रागावू नका. त्या फेब्रुवारीत आम्ही मटार सोडून दुसरं काही खाल्लं असेल असं मला आठवत नाही.

त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल, तर ‘अगं, प्रवास महत्त्वाचा, मुक्काम नाही’ या वाक्याची. तुम्हालाही कुणीतरी पाठवलं असेल, बहुधा सूर्योदयाच्या फोटोवर लिहून. साफ खोटं आहे. मुक्काम नसता तर तुम्ही जुलैच्या पावसात पाचला उठला असतात का? साताऱ्याचा यवतेश्वरचा घाट पुढे होता म्हणून दंडोबाचा चढ होता. पाच महिन्यांतला प्रत्येक दिवस त्या एका सकाळीकडे तोंड करून उभा होता. शेवटचे दोन आठवडे तर टेपर, म्हणजे पळणं कमी करून ताकद साठवायची. अंग ताजं झालेलं, मन ताणलेलं, आणि मग सुटायची वेळच आली नाही. तो ताण कुठे जाणार? तुमचा तो अजून रविवारी पहाटे उठून बसतो, इतकंच.

माझी आजी फलटणकडची. माउलींची पालखी त्या बाजूनं जाते, आणि आजी वर्षानुवर्षं तिथूनच पुढे पंढरपूरपर्यंत चालायची. एका ज्येष्ठात तिचा पाय मुरगळून असा सुजला की जमिनीला टेकवेना. पालखी आली त्या दिवशी तिनं स्वतःला रस्त्याकडेला एका पारावर नेऊन बसवायला लावलं. शेजारी भाकरी-पिठल्याचं टोपलं. जाणाऱ्या बायांना ती भाकऱ्या देत होती आणि रडत होती, दोन्ही एकाच वेळी. कार्तिकात एसटीनं पंढरपूरला जाऊन आली. मी मोठी झाल्यावर तिला विचारलं, ‘म्हणजे कार्तिकीला भरून निघाली ना आषाढी?’ तर म्हणाली, ‘भरून कशी निघंल? ती कार्तिकी. आषाढी राहिली ती राहिलीच.’ पुढे कुणी विचारलं की सांगायची, ‘बावीस वाऱ्या झाल्या, एक राहिली.’ राहिलेलीही मोजायची. आवाजात रडं नसायचं.

मला तुम्हाला एवढंच सुचवायचं आहे, की ही शर्यत राहिली असं मोजा. निकालाच्या यादीत तुमच्या नावापुढे डीएनएस असेल, सुरुवात न केलेल्यांपुढे लावतात ती तीन अक्षरं. ती फार कोरडी आहेत, त्यात ना दंडोबा आहे ना प्लेटलेट. पण ती खोडायच्या मागे लागू नका. डिसेंबरची फुल हा ती खोडण्याचाच प्रकार आहे.

डिसेंबरच्या फुलला माझं स्पष्ट नाही. तुम्ही गणिताच्या बाई, हिशेब तुम्हीच करा. तुमचा आजवरचा सर्वांत लांब रन १८ किलोमीटर, फुल ४२.१९५. मध्ये उरलेले आठवडे आठ किंवा नऊ, त्यातले पहिले दोन-तीन अंगात नुसती ताकद यायला जाणार. उरलेल्या सहा आठवड्यांत १८ वरून ३० किंवा ३२ वर जायचं आणि पुन्हा टेपरही करायचा. हे डेंग्यू न झालेल्या पंचविशीतल्या मुलानंही करू नये. मुळात पाच महिने तयारी केलीत ती घाटाच्या हाफची. ती मेहनत पुण्याच्या सपाट ४२ ला नेऊन ‘सार्थकी’ कशी लागेल? तुम्हाला पळायचं नाहीये ताई, बदला घ्यायचाय. कुणाचा, डासाचा? तो केव्हाच मेला.

डिसेंबरात काही हवंच असेल तर जवळपासची दहा किलोमीटरची एखादी शर्यत बघा. तीही घड्याळ न लावता.

आता अंगाचं बोलू, कारण पत्रात त्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटली. डेंग्यूनंतरचा थकवा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, सांधे कुरकुरतात. क्वचित कधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. म्हणून पळायला लागण्याआधी पुन्हा एकदा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या, हिमोग्लोबिन बघा आणि डॉक्टरांना ‘मी घाट चढते’ असं स्पष्ट सांगून परवानगी घ्या. ‘थोडं फिरते’ म्हणू नका, ते मान डोलावतील. पळताना छातीत दुखलं, धडधड अनियमित वाटली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं आणि ईसीजी काढायचा. अजून एक, हे तुमच्यापेक्षा ग्रुपमधल्या बाकीच्यांसाठी जास्त : पळणाऱ्यांच्या खिशात आयब्रुफेन असतं आणि ताप आला, अंग दुखलं की लोक ते गिळून मोकळे होतात. डेंग्यूची शंका असताना ही गोळी किंवा अॅस्पिरिन घेतल्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. पावसाळ्यातल्या तापाला पॅरासिटामॉल आणि रक्ततपासणी, बस. आणि शर्यतीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले तर घाबरू नका. मोठ्या तापानंतर तसं होतं, पुन्हा येतात.

कमावलेलं सगळं गेलं, ही तुमची भीती निम्मीशीच खरी आहे. पहिले दहा-बारा दिवस विश्रांतीनं फारसं काही जात नाही. रक्तातला द्रव मात्र लवकरच कमी होतो, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात, आणि आपल्याला वाटतं आपण शून्यावर आलो. पण चढानं घडवलेल्या मांड्या-पोटऱ्या इतक्या पटकन विसरत नाहीत. नव्यानं शिकायला पाच महिने लागले, परत यायला तेवढे लागणार नाहीत. सुरुवात अर्धा तास चालण्यानं करा, आठवडाभर. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं. सकाळी डोळे उघडल्याबरोबर, उठायच्या आधी नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर त्या दिवशी बूट घालायचे नाहीत. आणि पळताना सतराचा पाढा मोठ्यानं म्हणून बघा. सतरा सक एकशे दोनला धाप लागली तर वेग जास्त आहे. हरिपूर रस्त्यावरचे लोक हसतील. त्यातले निम्मे तुमचे माजी विद्यार्थी असणार, त्यांना नवल वाटणार नाही.

बिबचं तुम्ही अगदी योग्य केलंत, आणि यात मी कुणाचाही रुसवा ऐकून घेणार नाही. बिब हा काही सिनेमाचा पास नाही. तुमच्या नावाशी तुमचं वय, रक्तगट आणि नवऱ्याचा फोन नंबर जोडलेला असतो. तो भाचा घाटात कोसळला असता तर? दवाखान्यात चुकीच्या नावाचा, चुकीच्या रक्तगटाचा माणूस पोचला असता आणि फोन तुमच्या घरी गेला असता. वर तो मुलगा तुमच्या वयोगटातल्या बायकांच्या निकालात पहिला आला असता, म्हणजे कुण्या एकीचं बक्षीस गेलं असतं. जवळजवळ सगळ्या शर्यतींच्या नियमांत बिब दुसऱ्याला देण्यावर बंदी असते, आणि ती आयोजकांच्या हट्टापायी नाही. ते गृहस्थ फटकून असतील तर असू द्यात. चार लाँग रन झाले की घामाबरोबर जाईल.

ग्रुप म्यूट केलात त्यात गैर काही नाही. फक्त सोडू नका. एक निरीक्षण सांगते : त्यांनाही तुमच्याशी कसं बोलावं ते कळत नसणार. मेडल गळ्यात घालून फोटो टाकलेल्या माणसाला, पलंगावर पडलेल्या मैत्रिणीला काय लिहावं हे सुचत नाही, मग तो काहीच लिहीत नाही, आणि आपल्याला वाटतं विसरला. तुम्हीच एक मेसेज टाका. ‘मला फार वाईट वाटतंय. पण घाट कसा होता ते सांगा.’ सांगतील, थांबवावं लागेल. २०१२ पासून ही शर्यत होतेय आणि दरवर्षी पळून आलेला प्रत्येक जण चढापेक्षा उताराबद्दलच जास्त बोलतो. जाताना यवतेश्वरचा चढ, कासच्या रस्त्यानं पुढे, आणि त्याच वाटेनं माघारी. उतरताना मांड्यांचं असं काही होतं की दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरावा लागतो. हे सगळं ऐकताना थोडं जळेल. जळू द्या. पुढच्या वर्षी तीच माहिती कामाला येईल.

अविनाश साबळेचं उदाहरण देऊ की नको, असं झालं होतं, कारण मोठ्या माणसाचं दुःख दाखवून लहान माणसाला गप्प करणं मला आवडत नाही. त्या हेतूनं सांगत नाहीये. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा, ३००० मीटर स्टीपलचेसमधला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीतला, देशाचा विक्रमवीर. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सोनं अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं होतं. २०२५ च्या जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर त्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा राहिली. म्हणजे ज्याचं पळणं हेच काम, ज्याच्यामागे डॉक्टर, प्रशिक्षक, सगळा लवाजमा, त्याच्याही यादीत एक ‘राहिली’ आहे. मनापासून पळणाऱ्या प्रत्येकाच्या यादीत एखादी असतेच. तुमची पहिल्याच शर्यतीला लागली, हे मात्र वाईट झालं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

एक गोष्ट गंभीरपणे. रडू फक्त रविवारी पहाटे येतंय तोवर मला चिंता नाही. पण भूक गेली, झोप उडाली, वर्गावर जायचा कंटाळा यायला लागला, मुलांवर उगाच चिडचिड व्हायला लागली आणि हे दोन-तीन आठवडे टिकलं, तर शर्यतीच्या खात्यावर टाकून बसू नका. मोठ्या आजारानंतर मनही आजारी पडतं. डॉक्टरांशी बोला, किंवा सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर. मराठीत बोलता येतं.

आता टी-शर्ट.

पळणाऱ्यांच्यात यावरून दोन तट आहेत. शर्यत संपल्याशिवाय टी-शर्ट अंगाला लावायचा नाही, असं मानणारे कडवे लोक मला माहीत आहेत. त्यांच्यातले काही माझे मित्र आहेत. माझं मत असं : पूर्ण करणाऱ्यांना शेवटच्या रेषेपलीकडे मिळतं ते मेडल, तो फिनिशरचा टी-शर्ट, हे आपलं नाही, कुणी प्रेमानं दिलं तरी घ्यायचं नाही. पण बिबबरोबर सगळ्यांना मिळतो तो टी-शर्ट नाव घातलेल्याचा असतो. त्याचे पैसे तुम्ही भरलेत. तो घाला. फक्त कुणीतरी नक्की विचारणार, ‘अरे वा, साताऱ्याला पळालात? कसं झालं?’ तेव्हा अडखळायचं नाही. ‘नाही पळाले. नाव घातलं होतं, डेंग्यू झाला. राहिली.’ हे तीन तुकडे आवाज न फाटता म्हणता येईपर्यंत तो कपाटात राहू द्या. मला दीड वर्ष लागलं. तुम्हाला कमी लागेल, तुमच्या घरी तेवढे मटार नसावेत.

आणि पहिल्यांदा घालाल तेव्हा साधी रविवारची सकाळ बघा, डॉक्टरांनी हो म्हटल्यानंतरची, दंडोबाच्या पायथ्याची, अर्धा चढ चालत. आदल्या रात्री सासूबाईंना सांगून ठेवा की उद्या पहाटे कडी लावायची आहे. त्या कुरकुरतील. बदाम भिजत घातलेले असतील.